फ्लॉवरच्या वावरातलं देऊळ

ख्रिस्ती देवळाचा इतिहास सांगतो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला माहितीये. घोड्यावर बसलेला गोरा साहेब. दगडी इमारत, रंगीत काचा, मागे हळूच वाजणारा पियानो. झग्यातला फादर आणि त्याच्या तोंडी ते सिनेमातलं ‘माय सन’. सगळं पुसून टाका. आमच्याकडे गोरा एकदाच आला होता, तोही वीज केंद्राचा बॉयलर बघायला, आणि रविवारभर गेस्ट हाउसमध्ये झोपून होता म्हणतात. आमच्या देवळाला पत्रे आहेत. पाळकसाहेब मोटरसायकलवरून येतात आणि उपासना संपली की डिकीत मेथीच्या जुड्या कोंबून घरी जातात. पियानोच्या जागी एक पेटी आहे, तिचा एक सूर दाबला की दोन वाजतात.

देऊळ म्हणतोय हां मी. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात आणि जमलेल्या लोकांना मंडळी. आमचं देऊळ नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या अलीकडे, वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर तिथली राख पडते, एवढ्या अंतरावर. जगातली ख्रिस्ती माणसं रविवारी सकाळी देवळात जातात, आम्ही दुपारी साडेतीनला. कारण पहिली शिफ्ट तीनला सुटायची. आता शिफ्टला जाणारं जवळपास कुणी उरलं नाही, तरी साडेतीन म्हणजे साडेतीन. मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसून बघा. नरकावर वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही.

हे असं का, याचं उत्तर कुठे लिहिलेलं नव्हतं. ते फिटरबाबांच्या तोंडात होतं.

फिटरबाबा म्हणजे वीज केंद्रातून रिटायर झालेले फिटर. ज्यांनी देऊळ सुरू केलं त्यांच्यातले शेवटचे. दर वर्षी स्थापनेच्या दिवशी, उपासना झाल्यावर आणि जेवणाआधी, ते पुढे जाऊन उभे राहायचे आणि सगळी कथा सांगायचे. दर वर्षी तीच, तेच शब्द, त्याच जागी थांबणं. भुकेली पोरं पहिल्याच वाक्याला जांभया द्यायची. मी नाही. मी त्यांचा आवाज चोरत बसायचो.

मला लहानपणापासून ही खोड. शाळेतले गणिताचे सर, नाशिकरोडच्या बसचा कंडक्टर, पाळकसाहेबांची मोटरसायकल, शिट्टी अडकलेला कुकर, मी काहीही काढून दाखवतो. मंडळीतली सगळी मला नकल्या म्हणतात. पण माझा सगळ्यात चांगला आयटम फिटरबाबा. जेवणाच्या पंगतीत पोरं ओरडायची, “नकल्या, फिटरबाबा लाव!” जसा काही मी रेडिओच. मी लावायचो. एकदा बाबा मागेच उभे होते. मी गार. ते म्हणाले, “थांबलास का? पुढचं येत न्हाई का?” मग मी त्यांच्यासमोर त्यांना शेवटपर्यंत केलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “ए नकल्या, मी मेल्यावर हे तूच सांग. मला बी ऐकायला यील.”

तर ती कथा अशी. आवाज घोगरा समजा, नगरकडचा, आणि प्रत्येक वाक्यानंतर खिशातला रुमाल चाचपायचा.

“तवा हितं काय व्हतं? काय बी नव्हतं. बाभळी व्हत्या. आन् ती चिमणी, ती कमरेइतकीच झाली व्हती. आम्ही नगरकडून आलेली पोरं. बायबल ट्रंकेत. रविवारी शिफ्ट सुटली की क्वार्टरच्या ओट्यावर बसून भजन म्हणायचो, तर शेजारचा म्हणायचा, आवो, रातीला नाइट हाय, झोपू द्या. मंग आम्ही म्हणलो, जागा बघू. आन् जागा मिळायच्या आधी मेज पाहिजे. पुस्तक काय मांडीवर ठिवायचं? स्टोअरच्या साहेबाला मागून आम्ही भंगारातला केबल गुंडाळायचा लाकडी ड्रम आणला. छातीइतका उंच. उभा करून ढकलत आणला रस्त्यानं. आन् उतारावर तो सुटला.”

इथे पोरंसुद्धा जागी व्हायची.

“सुटला तो सुटला! आम्ही मागं, ड्रम म्होरं. पाटाच्या कडेनं उडी मारून डायरेक घुसला माळीबुवाच्या फ्लॉवरच्या वावरात. अशी एक अख्खी वाट पाडली त्यानं. गड्डे हिकडं, पानं तिकडं. माळीबुवा काठी घिऊन आला. म्हणाला, ह्यात काय हाय? आम्ही म्हणलो, काय न्हाई, यावर आमचं देवाचं पुस्तक ठिवायचंय. त्यो म्हणाला, पुस्तक ठिवायला एवढं? आन् देवाला असं ढकलत आणता व्हय रे? आम्ही म्हणलो, चुकलं. त्यो म्हणाला, चुकलं तर आता हे चेचलेलं समदं खाऊन जा. आम्ही तिथंच तीन दगड मांडून रस्सा केला. त्यो बी जेवला. जेवल्यावर म्हणाला, ड्रम काय आता बाहेर निघत न्हाई. ऱ्हाऊ द्या हितंच. बांधाच्या कडेला बसा रविवारी, पण माझ्या सऱ्यांत पाय टाकू नका.”

म्हणून आमचं देऊळ तिथे आहे. कुणी जागा निवडली नाही, ड्रम जिथे थांबला तिथे. पुढे माळीबुवांच्या मुलांनी तो तुकडा रीतसर देवळाला दिला, आणि अजूनही त्यांच्या घरचं कुणीतरी स्थापनेच्या दिवशी सकाळी फ्लॉवरची पोती टाकून जातं. जेवणाला मटण नसतं, बिर्याणी नसते. फ्लॉवरचा रस्सा आणि भात. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनांना वाटतं आम्ही कंजूष आहोत.

आणि मग कथेचा शेवट.

“ड्रम कसला? डांबर लागलेलं, ग्रीस लागलेलं, वर फ्लॉवरचा पाला. त्यावर पुस्तक कसं ठिवायचं? मंग…”

इथे बाबा खोकायचे. उजव्या हाताची मूठ तोंडाशी, मान थोडी डावीकडे, बायका बसतात त्या बाजूला. दोनदा. मग म्हणायचे, “मंग कुणाच्या तरी घरातनं एक फडकं आलं. ते टाकलं. आन् पुस्तक ठिवलं. झालं देऊळ.”

आम्हाला वाटायचं राखेचा खोकला. वीज केंद्रातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना असतो. माझ्या नकलेत त्या खोकल्यावर सगळ्यात जास्त हशा यायचा, म्हणून मी दोनदाच्या जागी चारदा खोकायचो.

ते फडकं अजून आहे. ड्रमही आहे, तेच आमचं प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस ठेवायचं मेज. फडकं पिवळट पडलंय आणि त्याच्या काठाला बदकं आहेत. बारीक, ओळीनं चाललेली बदकं. पवित्र मेजावर बदकं का, हा प्रश्न मी संडे स्कूलमध्ये विचारला होता. बाई म्हणाल्या, ती कबुतरं आहेत. मी म्हणालो, बाई, चोच चपटी आहे. बाईंनी मला बाहेर उभं केलं.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण आता तिकडे हसायला माणूस शोधावा लागतो. वीज केंद्रातले जुने संच बंद पडत गेले तसतशा बदल्या झाल्या. कॉलनीतल्या क्वार्टरच्या खिडक्यांतून पिंपळ उगवलेत. माझ्या पप्पांचीही चंद्रपूरला बदली झाली, मम्मी त्यांच्याबरोबर गेली. मी नाशिकमध्येच राहिलो, कारण इथे मला काम आहे. काम काय, तर रिक्षावर भोंगा लावून जाहिराती फिरतात ना, ‘माता-भगिनींनो, आपल्या शहरात प्रथमच’, तो आवाज माझा. म्हातारा पाहिजे म्हातारा, बाई पाहिजे बाई. इंदिरानगरला एका खोलीत एकटा राहतो. दुपारी गादीवर पडलेला असतो आणि खालून मीच जातो, साड्यांचा सेल ओरडत. दिवसभरात माझ्याशी कोण बोललं, असं विचाराल तर कधी कधी फक्त मीच, आणि तेही थांबत नाही, पुढच्या गल्लीत निघून जातो.

रविवारी मात्र बसने जायचो. पंखे तेवढेच, माणसं कमी. प्रत्येकाला एकेक पंखा येईल एवढी. फिटरबाबा पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर, त्यांची बायको, आमच्या फिटरआजी, बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर. मध्ये नुसती वाट. मी त्या दोघांना कधी एकमेकांशी बोलताना पाहिलं नाही. देवळातून घरी जातानाही बाबा पुढे, आजी मागे.

गेल्या थंडीत बाबा गेले. झोपेत. आजी एकट्या राहिल्या. त्यांची एकच मुलगी, तिकडे वापीला नांदते. ती न्यायला आली होती, पण आजी म्हणाल्या, स्थापनेचा दिवस झाल्यावर बघू.

त्यानंतरच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विषय काढला. या वर्षी कथा कोण सांगणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, “मीच थोडक्यात सांगेन. ड्रम, फ्लॉवर, वगैरे.” तेवढ्यात पहिल्या बाकावरून आजी म्हणाल्या, “वगैरे नको. नकल्या सांगंल.”

देवळात आजींचा आवाज पहिल्यांदाच ऐकला मी. त्या वळून माझ्याकडे बघत होत्या. “जसं ते सांगायचे तसं. त्यांच्याच आवाजात. शब्द हलवायचा न्हाई. येतंय ना?”

मी म्हणालो, “येतंय आजी.”

“एकदा ऐकू दे मला. मंग मी वापीला जाईन.”

तेव्हापासून दर रविवारी उपासनेनंतर मी त्यांच्या घरी. त्या मोरीपाशी पाटावर बसायच्या, पाठ माझ्याकडे, समोर निवडायची मेथी. तोंड बघितलं की त्यांना मी दिसायचो ना, म्हणून पाठ. मी सुरू करायचो. “तवा हितं काय व्हतं?” मेथी निवडणारा हात थांबायचा. मग पुन्हा चालू. मध्येच दुरुस्त्या. “‘अख्खी’ न्हाई म्हणायचे, ‘आक्खी’ म्हणायचे, जोरात.” “रुमाल चाचपलास का? चाचप. त्याशिवाय पुढचं वाक्य येत न्हाई त्यांना.” अहो, मी आवाज काढणारा, पण बाबा हलायचे कसे, ते त्यांनाच पाठ.

पण ड्रम वावरात थांबला, रस्सा झाला, की त्या उठायच्या. “बास. पुढचं त्या दिवशी. चहा घे.”

“आजी, शेवटचं राहिलं की.”

“ऱ्हाऊ दे. ते मी त्या दिवशीच ऐकणार.”

मला बरं वाटायचं तिथे. खरं सांगतो, मी बसची वेळ चुकवायचो. चहा झाल्यावर आम्ही दोघं उरलेली मेथी निवडत बसायचो, आणि बाहेर रस्त्यावरून माझा आवाज गेला तरी त्यांना तो माझा आहे हे माहीत नसायचं.

असंच एका रविवारी त्या चहा टाकत होत्या आणि मी भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो बघत होतो. बाबांच्या अंगात कुणाचा तरी मोठा कोट. आजी पांढऱ्या साडीत, आमच्यात नवरी पांढरीच नेसते. आणि साडीच्या काठाला बदकं.

“आजी,” मी ओरडलोच, “ही बदकं!”

“बदकं न्हाईत, हंस हायत, मेल्या.”

“मेजावरचं फडकं तुमच्या लग्नाच्या साडीचं आहे?”

त्या गॅसकडेच तोंड करून म्हणाल्या, “असंल. मीच कापली. साखर कमी टाकू का?”

“मग बाबा ‘कुणाच्या तरी घरातनं’ का म्हणायचे? इतकी वर्षं? त्यांनी तुमचं नावसुद्धा…”

“तुला काय करायचंय? चहा उतू चाललाय.”

बसमध्ये मी नुसता पेटलो होतो. बघा म्हटलं. नवऱ्याने दर वर्षी सगळ्यांचं सांगितलं. स्टोअरच्या साहेबाचं, माळीबुवाचं, झोपमोड झालेल्या शेजाऱ्याचं. बायकोने लग्नाची साडी फाडून दिली, तिचं मात्र ‘एक फडकं’. आणि ही बिचारी पहिल्या बाकावर बसून ते ऐकतेय. आता ती वापीला जाणार, म्हणजे परत येणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. जायच्या आधी एकदा तरी तिचा हक्क तिला मिळायला नको? आणि द्यायचा तर कुणाच्या तोंडून? बाबांच्याच. ते तोंड आता माझ्याकडे होतं.

स्थापनेच्या दिवशी बरीच माणसं आली. बदल्या झालेले काही जण आले, लेकरं घेऊन. फ्लॉवर आला, चुली पेटल्या. आजी पहिल्या बाकावर, इस्त्रीच्या साडीत. बाबांची जागा रिकामी, तिथे कुणी बसलं नव्हतं. मी पुढे गेलो. रुमाल चाचपला. “तवा हितं काय व्हतं?” म्हणालो आणि मागच्या बाकावर कुणीतरी रडायलाच लागलं. लय भारी चालली होती कथा. ड्रम सुटला तेव्हा अख्खा पत्रा हसला. आजी माझ्याकडे बघत नव्हत्या. डोळे मिटून बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत.

“डांबर लागलेलं, ग्रीस लागलेलं, वर फ्लॉवरचा पाला. त्यावर पुस्तक कसं ठिवायचं? मंग…”

आणि मी खोकलो नाही. मी बाबांच्या आवाजात, सरळ, खणखणीत म्हणालो, “मंग माझ्या बायकोनं तिची लग्नाची साडी कापली. ते फडकं न्हाई. तिची साडी हाय ती. हे देऊळ तिच्या पदरावर उभं हाय.”

काय सांगू. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. बायका उठून आजींभोवती जमल्या. कुणी त्यांचे हात धरले, कुणी मेजापाशी जाऊन काठावरचे हंस मोबाइलमध्ये घेतले. संडे स्कूलच्या बाई, आता त्याही म्हाताऱ्या झाल्यात, माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “खरंच बदकं नव्हती रे.” मला दोघा-तिघांनी मिठ्या मारल्या. मी रस्सा तीन वेळा घेतला. मध्ये एकदा बघितलं, आजींच्या ताटात हात लागला नव्हता.

संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन मी घरी सोडायला गेलो. त्या पुढे, मी मागे. कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि वळल्या.

“खोकला कुठं गेला?”

“आजी?”

“खोकला, खोकला. तू खोकला न्हाईस.”

“अहो, मी तुमच्यासाठी…”

“माझ्यासाठी? मी काय सांगितलं व्हतं तुला? शब्द हलवायचा न्हाई. सांगितलं व्हतं का न्हाई?” त्यांनी डबा माझ्या हातातून ओढूनच घेतला. “म्हणे हे देऊळ तिच्या पदरावर उभं हाय! त्या माणसानं उभ्या जन्मात असं वाक्य काढलं नसतं. कुठल्या जाहिरातीतलं आणलंस रे?”

मला हसू आलं, तेही चुकीच्या वेळी.

“दात काढू नको! ती साडी उंदरानं खाल्ली व्हती. कळलं? मोठं मन न्हाई न् काय न्हाई. ट्रंकेत ठिवलेली, उंदरानं मधोमध भोक पाडलं. सासूनं संगमनेरहून आणलेली साडी. तिला कळलं असतं तर मला त्याच ड्रमाला बांधून ढकलली असती. मी ह्यांना म्हणलं, चांगला भाग कापून द्या तिकडं देवाला, आन् कुणाची ते बोलू नका. सासू देवळात मागं बसायची, तिला लांबचं दिसत नव्हतं म्हणून निभावलं. पहिल्या वर्षी हे सांगायला उभे राहिले, आन् ‘माझ्या बायको’ इथपर्यंत आलं व्हतं तोंडात. मी डोळे वटारले. तसं गिळलं आन् खोकले. झालं फडकं.”

त्या खाली बसल्या, पण आवाज खाली आला नाही.

“सासू गेली. तरी दर साली खोकायचे. माझ्याकडं बघून. भर देवळात, पाळकापुढं! मी पदर तोंडाला लावायची, हसू दिसू नये म्हणून. घरात कधी दोन शब्द नीट बोलला न्हाई तो माणूस. वर्षातनं तेवढाच एक खोकला. समदं दिलं आम्ही त्या देवळाला, तेवढं एक घरचं ठिवलं व्हतं. ते बी तू आज पंगतीत वाढून टाकलंस, भातासंगं. आता लोक माझे हात धरत्यात. आजी तुमचा त्याग! मी डोळे मिटून बसले व्हते रे. आता खोकतील, आता खोकतील म्हणून. आन् हा गाढव भाषण करतोय!”

मी म्हणालो, “आजी, आता खोकू का?”

“आत्ता? हितं? कुणासमोर खोकतोस? चार माणसं नकोत का, ज्यांना कळत न्हाई?” त्यांनी डबा उघडला, रस्सा पातेल्यात ओतला, पातेलं आपटलं. “मी न्हाई जात वापीला. सांगते पोरीला, अजून एक साल थांब म्हणून. पुढच्या वर्षी फडकंच म्हणायचं. समद्यांना माहीत झालंय तरी फडकंच. आन् खोकायचं. दोनदा! चारदा न्हाई. तू पोरांत चारदा खोकायचास ते काय मला ऐकू येत नव्हतं का, माकडा? आता उभा काय राहिलास, ताट घे, आन् हनुवटी पूस, मघाचा रस्सा तसाच वाळलाय.”